सकाळची सतरा नावं

माणसाच्या अंगातलं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं आणि परत आत घालायचं, हे काम मी आयुष्यभर केलं. डायलिसिस टेक्निशियन असं त्या कामाचं कागदावरचं नाव. प्रत्यक्षात मला कुणी डॉक्टर म्हणायचं, कुणी कंपाउंडर, आणि मालवणच्या बाजारात मासे विकणारी एक ओळखीची म्हातारी मला अजूनही ‘रक्ताचो मेकॅनिक’ म्हणते. तिन्हींत मला तेच नाव जास्त पटतं. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. रिकाम्या हातांना काय करावं कळत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

काम काय ते आधी सांगतो, कारण ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसावं हेच बरं. किडन्या बंद पडल्या की अंगातलं जादा पाणी आणि घाण बाहेर पडत नाही. मग आम्ही रुग्णाच्या हातात दोन जाड सुया टोचतो. एका सुईतून रक्त बाहेर येतं. एक छोटा गोल पंप ते पुढे ढकलतो. केसांइतक्या बारीक नळ्यांच्या गाळणीतून ते जातं आणि स्वच्छ होऊन दुसऱ्या सुईतून परत अंगात येतं. एका वेळेला चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा. असं जन्मभर. त्यामुळे आमच्याकडे येणारा माणूस पेशंट राहतच नाही. त्याच्या सुनेचं नाव, म्हशीचं दूध, जमिनीचा वाद, सगळं आम्हाला ठाऊक होतं.

कसालजवळ हायवेच्या आत एका धर्मादाय संस्थेचं चार यंत्रांचं केंद्र होतं. मी आणि दर्शना नावाची नर्स, असे आम्ही दोघं ते चालवत होतो. मोठे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येत. मी मूळचा मालवणचा, ख्रिस्ती, आमच्या पायची म्हणजे वडिलांची तिथे पावाची भट्टी होती. नाव पास्कोल, पण सगळे पास्कू म्हणतात. मी आणि माझी बायको एल्वीरा केंद्रापासून पाच मिनिटांवर भाड्यानं राहत होतो.

आमच्याकडे सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे वजनकाटा. सुई टोचण्याआधी प्रत्येकानं त्यावर उभं राहायचं. मागच्या खेपेपेक्षा जितकं वजन वाढलं तितकं पाणी अंगात साठलं. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. चर्चमध्ये आम्ही पाद्र्यापुढे कुमसार करतो, म्हणजे आपली पापं कबूल करतो, त्याला निदान गुडघे टेकायला लागतात. इथे नुसतं उभं राहिलं की झालं. ‘एक कप सोलकढी घेतली’ म्हणणाऱ्याचा काटा चार किलोनं पुढे गेलेला असायचा.

आणि पाण्यापेक्षा वाईट म्हणजे आपल्याकडची चांगली फळं. शहाळं, आंबा, फणस, केळं, या सगळ्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला ते बरं, आमच्या माणसाचं हृदय त्यानं बंद पडू शकतं. कोकणात राहून एखाद्याला नारळाचं पाणी आणि आंबा वर्ज्य सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. माझ्या लेखी वर्षातला सगळ्यांत धोक्याचा महिना मे. आबा नावाचे एक बागायतदार होते, स्वतःची दीडशे कलमं. एका मे महिन्यात ते आले तेव्हा ओठ बधिर, पाय लटपटत होते आणि नाडी चुकत होती. मी विचारलं, आंबा खाल्लात का? ते म्हणाले, खाल्लो नाही, नुसता चाखून बघितला. किती चाखले, असं विचारल्यावर खूप वेळ विचार करून त्यांनी सात सांगितले. त्या दिवशी त्यांना वाचवता वाचवता आमच्या नाकी नऊ आले. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी एक पेटी आणली आणि मी समोर बसून एक तरी खावा असा हट्ट धरला. मी खाल्ला. ते बघत होते. त्या आंब्याची चव मला काही लागली नाही.

आता प्रार्थनेविषयी. आमच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स व्हायचा, म्हणजे माळ घेऊन सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. तो संपला की माझी माय शेजारपाजारच्या अडलेल्या माणसांची नावं घ्यायची. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, जो अडला तो. आणि प्रत्येकाची खूण सांगायची. सावित्री, विहिरीकडची, वरच्या आळीतली नव्हे. लहानपणी मी तिला विचारलं होतं, देवाला पत्ता सांगायला लागतो का? ती म्हणाली, “देवाक नको. पण नाव घेताना ता माणूस आपल्या डोळ्यांम्होर येवक होया.”

तीच सवय मला लागली. सकाळी सहाला मी केंद्र उघडायचो. यंत्रांच्या नळ्या आधी सलाइननं भरून घ्याव्या लागतात, त्यातली हवा काढावी लागते. त्याला अर्धा पाऊण तास जातो. त्या वेळात मी आमच्याकडच्या प्रत्येकाचं नाव घ्यायचो. मी सांगतो आहे त्या वर्षी ती नावं सतरा होती. मग ज्याला सुई टोचायची त्याचं नाव टोचताना पुन्हा एकदा, ओठातल्या ओठात. नुसतं नाव, आणि ‘देवा, ह्येका सांभाळ’. कुणाला ऐकू जावं असा हेतू नव्हता.

ते ऐकू गेलं वालावलकर गुरुजींना. धामापूरला राहणारे हे निवृत्त शिक्षक, मुलांचे कान धरून कुजबुज पकडण्यात सगळी नोकरी गेलेली. रोज सकाळी भगवतीचं दर्शन घेतल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. एकदा सुई आत जाताच म्हणाले, पास्कू, तू हे काय पुटपुटतोस? मी ओशाळलो. म्हटलं, तुमचं नाव घेतो, गुरुजी. आवडत नसेल तर नाही घेणार. ते म्हणाले, पुढच्या वेळी संपूर्ण नाव घे, वालावलकर आमच्याकडे पुष्कळ आहेत. माझ्या मायला हा माणूस फार आवडला असता.

प्रार्थनेनं यंत्र चालतं असं मी कधीच म्हणालो नाही. यंत्राला वीज लागते, आणि एका माणसाच्या चार तासांना सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं. पण ते दोन्ही असूनही सुई चुकते, गाठ होते, रक्तदाब एकदम खाली येतो. जिथे माझा हात पुरत नाही तिथे पुढचं देवाचं, असा माझा सरळ हिशोब होता. तो हिशोब इतका सरळ नाही हे मला एका वादळानं शिकवलं.

मे महिन्यातली गोष्ट. वादळ येणार हे रेडिओवर सांगत होते, पण ते समुद्रातून बाजूनं जाईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. सकाळी तीन माणसं आली. गुरुजी, आबा आणि भिकाजी. भिकाजी म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतला शेतकरी, माझ्याच वयाचा. थोडी भातशेती, थोडे काजू आणि चार गुरं. तो कमी बोलायचा. त्याच्याबरोबर त्याची बायको सत्यवती यायची आणि बाकावर चार तास हाताची घडी घालून बसायची. सुरू करावं की माणसं परत पाठवावी असा मला प्रश्न पडला. पुढची पाळी कधी मिळेल याची खात्री नव्हती. मी सुरू केलं.

दीड तास झाला आणि वीज गेली. त्यात नवीन काही नव्हतं, जनरेटर आपोआप चालू व्हायचा. तो चालू झाला, आणि दोनच मिनिटांत बाहेर असा आवाज झाला की दर्शना खालीच बसली. आवारातलं जुनं झाड जनरेटरच्या शेडवर आडवं झालं होतं. यंत्राची बॅटरी पंप चालवते, पण वीसेक मिनिटंच. आणि त्या दिवशी तिसऱ्या यंत्राच्या, म्हणजे भिकाजीच्या यंत्राच्या बॅटरीनं तेवढाही दम धरला नाही. पंप थांबला. त्याचं पाव लिटर रक्त नळ्यांत उभं राहिलं. थांबलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं, आणि मग ते परत देता येत नाही.

त्या पंपाला हातानं फिरवायचं एक हँडल असतं. मी ते बसवलं, सलाइन जोडलं. पण दुसऱ्या यंत्रावर आबांचा रक्तदाब खाली यायला लागला होता, दर्शना गुरुजींचं रक्त परत करत होती, आणि हात चारच होते. मी सत्यवतीला बोलावलं आणि हँडल तिच्या हातात दिलं. म्हटलं, वयनी, जोरात नाही, सावकाशही नाही, एकसारखं. तिनं एकदा हँडलकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं.

“जात्यासारखा?” तिनं विचारलं.

“जात्यासारखा.”

बाहेर पत्रे उडत होते आणि ती बाई नवऱ्याचं रक्त जात्यासारखं फिरवत होती. मी आबांच्या यंत्राजवळून नळीकडे बघत होतो. लाल रंग फिका होत गेला, गुलाबी झाला, मग पाण्यासारखा. सगळं रक्त आत गेलं होतं. मी थांब म्हणेपर्यंत तिनं वेग कमी केला नव्हता.

संध्याकाळी वारा उतरला. गुरुजी आणि आबा केंद्रातच थांबले. भिकाजीलाही मी थांब म्हटलं, कारण त्याचं काम अर्ध्यावर राहिलं होतं. तो म्हणाला, गुरं बांधलेली आहेत, त्यांना बघायला कुणी नाही. हायवेवरून त्या बाजूला जाणारा एक टेंपो मिळत होता. मी त्याला बजावलं की परवा काही करून ये, वीज असो वा नसो. तो मान हलवत निघाला. मला त्याची मान पटली नाही. मी मागून हाक मारून शब्द दिला, “तू नाय इलंस तर मी येतलंय.”

तो हसला. भिकाजी क्वचित हसायचा.

दुसऱ्या दिवशी काय झालं आहे ते कळलं. विजेचे खांब सगळे आडवे, रस्त्यांवर झाडं, मोबाइल बंद. आमचा माणूस तीन दिवस काढतो. चौथ्या दिवसापासून पाणी छातीत चढायला लागतं, पाचव्या दिवशी झोपता येत नाही. त्यानंतरचं मी लिहीत नाही. सतरा माणसं जिल्हाभर पसरलेली, आणि त्यांचा मेकॅनिक अंधाऱ्या खोलीत चार मुक्या यंत्रांपुढे बसलेला. एल्वीरा आणि मी घरी गुडघ्यांवर बसलो. मी सतरा नावं घेतली, आणि वीज मागितली. एवढ्या हट्टानं मी देवाकडे कधीही काही मागितलं नव्हतं.

वीज आली नाही. ती पुढे आठ-दहा दिवस आली नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आला तो एक टेंपो. कसालच्या बाजारातला मंडप-डेकोरेशनवाला लग्नातला जनरेटर घेऊन दारात उभा होता. तो गुरुजींचा विद्यार्थी. गुरुजींनी त्या दुपारी, त्यांना बघायला चालत आलेल्या सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन त्याचं घर गाठलं होतं, आणि शाळेत मारायचे त्या आवाजात हाक मारली होती. जनरेटर यंत्रांपुरताच होता, विहिरीच्या पंपाला पुरला नसता. मग आमचे फादर चर्चच्या दहा-बारा माणसांना घेऊन आले, शेजारच्या वाडीतल्या बायका कळशा घेऊन आल्या, हायवेवरच्या खानावळीचा मालक पिंपं घेऊन आला, आणि विहिरीपासून आमच्या टाकीपर्यंत माणसांची रांग लागली. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी वीज मागितली होती. मला हे मिळालं. आजही त्या रांगेची आठवण झाली की मी आधी आभार मानतो आणि मग चहा पितो.

प्रत्येकाला चार तास देणं शक्य नव्हतं, म्हणून दोन दोन तास दिले. तेवढ्यावर माणूस जगतो. निरोप दिले दूधवाल्यांबरोबर, झाडं तोडणाऱ्या माणसांबरोबर, मोटरसायकलवाल्या अनोळखी पोरांबरोबर. माणसं येत गेली. एकीला तिच्या भावांनी खुर्चीत बसवून आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत यादीतली सोळा नावं खुणा होऊन झाली होती. सतरावं राहिलं. भिकाजी.

आता जे लिहितो आहे ते मी एल्वीराखेरीज फार थोड्यांना सांगितलं आहे. त्या दुपारी मला जाता आलं असतं. शेवटची दोन माणसं यंत्रावर होती आणि दर्शना ती सांभाळू शकत होती, ती माझ्याहून कमी नव्हती. मी मोटरसायकलची किल्ली हातात घेतलीही होती. पण त्या बाजूला जाणाऱ्या एका माणसाबरोबर सकाळी निरोप दिला होता. तो पोचलाच असेल, भिकाजी वाटेत असेल, असं मी मनाला सांगितलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मी बाकावर बसलो, भिकाजीचं नाव घेतलं, आणि ‘देवा, आता तो तुझ्या हाती’ असं म्हणालो. म्हणालो आणि तिथेच झोपलो.

देवावर सोपवलं असं मी समजलो. खरं म्हणजे मी दमलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी निरोप्या परत आला. ओहोळावरचा साकव, म्हणजे लाकडाचा पायपूल, वाहून गेला होता, तो पलीकडे जाऊच शकला नव्हता. मी तसाच निघालो. जिथपर्यंत मोटरसायकल गेली तिथपर्यंत गेलो, मग कोयता हातात घेऊन चालत सुटलो. काजूची झाडं एकमेकांवर पडली होती, पायवाट कुठे होती ते कळत नव्हतं. ओहोळ कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडला. सगळी वाट मी एकच नाव घेत होतो, मोठ्यानं. वाडी दिसली आणि भिकाजीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, माणसं उभी दिसली. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. आमच्या कामात तसं उभं राहणं ओळखता येतं.

तो पहाटे गेला होता. मी कडेला उभा राहिलो. त्याला नेलं तेव्हा मागून चालत गेलो. सत्यवतीनं मला बघितलं. संध्याकाळी ओहोळ ओलांडून परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला केंद्र उघडलं, नळ्यांत सलाइन भरलं, आणि नावं घ्यायला तोंड उघडेना. सोळा नावं घेऊन सतराव्याशी थांबायचं कसं? त्यानंतर कित्येक आठवडे मी ते काम तोंड मिटून केलं. सुया बरोबर बसत होत्या. रविवारी मी एल्वीराबरोबर चर्चमध्ये मिस्साला, प्रार्थनेला, जायचो, सगळ्यांबरोबर उभा राहायचो, सगळ्यांबरोबर गुडघे टेकायचो. आतून काही हलत नव्हतं. देवाचा राग आला होता म्हणावं, तर त्याहून जास्त स्वतःचा आला होता, आणि दोन्ही इतके मिसळले होते की वेगळे काढता येत नव्हते. संध्याकाळी एल्वीरा एकटीच तेर्स म्हणायची. तिनं मला कधी बोलावलं नाही. एकदाच, मी तिच्यापुढे देवाला खूप बोललो तेव्हा, माळ खाली ठेवून ती म्हणाली, “राग आसा तर तेकाच सांग. माका सांगान काय होतला?”

श्रावणात एका सकाळी गुरुजी खुर्चीत पडून होते. मी हाताला पट्टा बांधला, सुई घेतली. त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

“तू माझा नाव घेवक नाय,” ते म्हणाले. “आज नाय, गेल्या खेपेक नाय, वादळापासून नाय.”

मी म्हटलं, तुम्ही रोज भगवतीला जाता, गुरुजी, तुमचं तिथे पोचतंच आहे.

“थयसर माझा मी सांगतंय. पण हयसर सुई टोचताना माका भय वाटता. आजून वाटता. कोणीतरी नाव घेतल्यान की बरां वाटता.”

चार वर्षं मी त्या माणसाला सुया टोचत होतो, आणि त्यांना भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. सुई ट्रेमध्ये ठेवून मी स्टुलावर बसलो आणि त्यांना तिसऱ्या दिवसाची दुपार सांगितली. किल्ली, बाक, ‘तुझ्या हाती’, झोप, सगळं. भिकाजीला दिलेला शब्दही सांगितला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ते आता म्हणतील की तुझी चूक नाही, बाकी सगळे म्हणत तसं. ते तसं म्हणाले नाहीत.

“जावक होया होता तुया,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण तू थकललंस ता तुझ्या देवाक म्हायत नाय काय? तेका सांग ना तसा. थकलंय म्हणान सांग.”

आणि त्यांनी हात पुढे केला.

मी त्यांचं नाव घेतलं, संपूर्ण. मग सुई टोचली. त्या संध्याकाळी घरी एल्वीराजवळ बसलो आणि देवाला सांगितलं की मी दमलो होतो, आणि दमलो असं म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी ते तुझ्या नावावर टाकलं. एवढंच. आकाशातून काही उत्तर आलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून नावं आली. सतराच्या सतरा. भिकाजीचंही, कारण ते गाळण्याचा मला काही अधिकार नव्हता.

त्यानंतर एक फरक झाला. नावं घेताना ज्याच्यापाशी मन अडखळेल त्याला मी लगेच फोन करायचो. पाळीला कुणी तासभर उशीर केला तर दर्शनाला सांगून निघायचो. बरेचदा एसटी चुकलेली असायची आणि लोक मला हसायचे. हसू देत. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे आपले हात खिशात घालणं नव्हे, हे मला इतक्या उशिरा आणि इतक्या मोलानं कळलं. कळलं त्याबद्दल मी आभारी आहे. मोलाबद्दल काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, सत्यवती केंद्रात आली. मी तिला दारातच बघितलं आणि हातातलं काम थांबलं. तिला कुठल्याशा कागदासाठी नवऱ्याच्या उपचारांचा दाखला हवा होता. मी फाइल काढून दाखला तयार केला. डॉक्टरांची सही व्हायला वेळ होता, म्हणून ती तिच्या नेहमीच्या बाकावर बसली, हाताची घडी घालून. मी तिला चहा आणून दिला आणि समोर उभा राहिलो. जे बोलायचं ते मी चार महिने मनात जुळवत होतो.

पण आधी तीच बोलली. “त्ये शेवटपर्यंत म्हणत होते, पास्कू येतलो. मी म्हटलंय, वाट खंय आसा येवक? तर म्हणाले, तेना सांगल्यान हा, येतलो.”

“मी उशिरा इलंय, वयनी.”

“व्हय,” ती म्हणाली. “उशिरा इलात.” चहाचा एक घोट घेऊन पुढे म्हणाली, “पण इलात. लाईटवाले, तलाठी, सगळे आठ-दहा दिवसांनी इले. वाडीत भायरचा माणूस पयला तुमीच इलात, कमरेपर्यंत भिजान. त्येंका खांदो देताना मी बघलंय, तुमी मागे होतात.”

तिनं मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि नव्हतंच केलं असंही नाही. तिनं जे बघितलं ते सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. ज्याच्यापाशी मी पोचलो नाही तो शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवून होता, हे ऐकून वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, त्याहून जास्त हात जोडावेसे वाटले. मला देवाच्या बाबतीत जे जमलं नाही ते भिकाजीला माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत जमलं होतं.

तेवढ्यात दर्शनानं मला आत बोलावलं. त्या दिवशी तेजश्री नावाची एक नवीन मुलगी पहिल्यांदा यंत्रावर चढणार होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, वेंगुर्ल्याकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. यंत्र बघूनच ती रडायला लागली होती. हात छातीशी घट्ट धरला होता, आणि सुईकडे बघितलं की आणखी मागे सरकत होती. नवरा बाहेर औषधं आणायला गेलेला. मी समजावलं, दर्शनानं समजावलं. ती हात सोडेना.

सत्यवती बाकावरून उठली. कुणाला काही न विचारता आत आली, स्टूल ओढून तेजश्रीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ज्या यंत्राचं हँडल तिनं फिरवलं होतं ते शेजारीच होतं. तिनं तिकडे बघितलं नाही.

“भिया नको गो,” ती तेजश्रीला म्हणाली, आणि मानेनं माझ्याकडे खूण केली. “ह्यो माणूस येता.”

तेजश्रीला त्यातलं काही कळलं नसावं, कारण मी तर तिच्यासमोरच उभा होतो. पण तिचं रडणं थांबलं. तिनं एकदा सत्यवतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हात पुढे केला.